जमिनीखाली निजणारी, वेळेवर फुलणारी: तिरोड्याच्या अंगणासाठी कळलावी आणि भुईचाफा

उत्तराखंडातल्या ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’हून परतलेल्या मराठी पर्यटकाच्या मोबाइलमध्ये शेकडो फोटो असतात आणि मनात एक हट्ट असतो: यातले एखादे फूल आपल्या अंगणात हवे. निळी खसखस, प्रिम्युला, जेन्शियन, खरे ब्रह्मकमळ. साडेतीन हजार मीटर उंचीच्या आसपास निम्मे वर्ष बर्फाखाली काढून दर उन्हाळ्यात नव्याने उगवणारी ही झाडे चिवट असतात, यात शंका नाही. मग गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्यात ती का टिकत नाहीत?

कारण चिवटपणा जागेप्रमाणे बदलतो. शून्याखालची थंडी सहज सोसणाऱ्या या झाडांना तिरोड्याचा मे महिना पेलवत नाही. त्यांना थंड रात्री लागतात. दिवसभर पानांनी तयार केलेले अन्न उकाड्याच्या रात्री श्वसनातच संपून जाते. यातल्या अनेकांना कळी धरण्याआधी सलग काही आठवड्यांची थंडी हवी असते. गोंदिया जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत पारा काही रात्री दहा अंशांखाली उतरतो आणि विदर्भातले सर्वांत थंड ठिकाण म्हणून गोंदियाचे नाव बातम्यांत येते, हे खरे. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पुन्हा तापलेले असते. शेवटचा घाव पावसाळा घालतो. बर्फाखालची जमीन थंड असते, आपली जुलैतली जमीन उबदार आणि ओली. उबदार ओलीत पहाडी झाडाचा गड्डा काही दिवसांत कुजतो.

दिल्लीतल्या रस्त्यांकडेला दर हिवाळ्याच्या शेवटी ट्युलिप फुलतात, त्यांचे फोटो पाहून फसू नये. ते कंद नेदरलँड्समधून येतात, त्यांना आधीच थंडी दिलेली असते आणि उन्हाळा लागला की त्यांचा हंगाम संपतो. पुढच्या वर्षी नवे कंद आणावे लागतात. बहुवर्षायू झाड असे एका हंगामापुरते लावणे घरगुती बागेला परवडणारे नाही. आपल्याकडे घरोघरी कुंडीत वाढणारे आणि पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री फुलणारे ‘ब्रह्मकमळ’ही हिमालयातले नाही, ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले निवडुंगाच्या कुळातले झाड आहे. पानासारख्या दिसणाऱ्या खोडाच्या तुकड्यापासून लागते, सावलीत राहते, छान फुलते. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते जरूर सांभाळावे. पहाडी फुलाची हौस मात्र त्याने भागत नाही.

ती हौस भागवण्याचा एक मार्ग तिरोड्यातच आहे, आणि तो हिमालयातल्या झाडांकडूनच शिकता येतो. ती झाडे थंडीशी झुंजत नाहीत. वाईट ऋतू येण्याआधी पाने-खोड सोडून देतात, सगळी शिल्लक जमिनीखालच्या मुळात ठेवतात आणि निजतात. तिरोड्याचा वाईट ऋतू म्हणजे मार्च ते जून. तेव्हा इथे असे झाड शोधायला हवे जे उन्हाळ्यात जमिनीखाली निजते. अशी झाडे शोधायला फार लांब जावे लागत नाही. तिरोड्याहून चोरखमारा गेटमार्गे नागझिरा अभयारण्यात मे महिन्यात गेलेल्याला जमिनीवर पाचोळ्याशिवाय काही दिसत नाही. तीच वाट पावसाळा स्थिरावल्यावर कंदवर्गीय झाडांनी भरून जाते. कळलावी, पेव, रानहळद ही मंडळी या उन्हाळ्यात तग धरण्यासाठीच घडलेली आहेत. ४५ अंशांचा उन्हाळा आणि बाराशे मिलिमीटरच्या वरचा पाऊस, दोन्ही त्यांच्या सवयीचे आहेत.

आधी जमीन बघा

इंग्लंडमधले पहाडी झाडांचे शौकीन एक गोष्ट कायम सांगतात: डोंगरातली झाडे थंडीने कमी मरतात, ओलीने जास्त. म्हणून ते वाफा उंच करतात आणि झाडाच्या मानेभोवती बारीक खडी पसरतात. तिरोड्यातल्या कंदांनाही हाच नियम लागू पडतो, किंबहुना अधिक, कारण हा धानाचा मुलूख आहे. पाणी धरून ठेवणे हाच धानाच्या बांधीचा गुण, आणि कंदासाठी तोच दोष.

या भागातले शेतकरी मातीला नावाने ओळखतात. काळी खोल ती कन्हार, मध्यम ती मोरंड, पिवळसर हलकी ती सिहार, मुरमाड ती बरडी. कंदाच्या फुलांसाठी बरडी आणि सिहार यांच्यावर काम करणे सोपे. कन्हारीत कंद थेट लावू नयेत. शहराच्या कडेला झालेल्या नव्या वस्त्यांमध्ये आणखी एक अडचण असते. कित्येक घरे जुन्या बांध्यांवर उभी आहेत. वर्षानुवर्षे रोवणीसाठी चिखलणी झाल्याने तिथे वीतभर खाली मातीचा घट्ट थर बसलेला असतो. वरून माती भुसभुशीत दिसते, पण झडी लागली की पाणी त्या थरावर अडते आणि कंद त्या पाण्यात बसून राहतो.

हे ओळखायला खर्च नाही. फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा. ते जिरले की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी चार तासांत जिरले तर जमीन कामाची. संध्याकाळपर्यंत तसेच राहिले तर तिथे खोदकाम न करता वर गादीवाफा बांधा.

गादीवाफा फूटभर उंच, तीन फूट रुंद आणि लांबी जागेप्रमाणे. तळाला फुटके कवेलू, विटांचे तुकडे किंवा गिट्टी चार बोटे. वर दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत. गोंदिया जिल्ह्यात राइस मिल जागोजागी आहेत आणि धानाचे टरफल मुबलक मिळते. ते कच्चेच मातीत मिसळले तर कुजताना मातीतले नत्र ओढून घेते. अर्धवट जाळून काळे केलेले टरफल मात्र उत्तम. माती मोकळी ठेवते आणि पाणी वाहू देते. पाचव्या हिश्श्याइतके मिसळायला हरकत नाही. औष्णिक वीज केंद्रातली राखड ही वेगळी वस्तू आहे. माती तपासून घेतल्याशिवाय ती फुलांच्या वाफ्यात टाकू नये. माती तपासणीची चौकशी हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्रात करता येते.

वाफ्याची जागा ठरवताना घरातल्या कूलरकडे लक्ष द्या. मार्च ते जून कूलरचे सांडपाणी भिंतीलगत झिरपत असते. ऐन झोपेच्या काळात कंदाला ही ओल मिळाली की तो कुजतो किंवा अवेळी फुटतो. शिवाय सतत वाफ होऊन कूलरच्या टाकीत क्षार साठतात, तेही याच पाण्यातून मातीत उतरतात. कंदाचा वाफा कूलरपासून दूरच हवा.

कळलावी

ग्लोरिओसा सुपर्बा हे तिचे शास्त्रीय नाव. संस्कृतात अग्निशिखा. तमिळनाडूचे हे राज्यफूल, झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूल. आशिया आणि आफ्रिका या दोन्ही खंडांत ती रानात उगवते, आणि आपल्या भागात जंगलाच्या कडेला, बांबूच्या बेटांत, झुडपांच्या कुंपणात पावसाळ्यात दिसते. फूल उमलताना हिरवट-पिवळे असते. सहा पाकळ्या नागमोडी कडांच्या, मागे वर वळलेल्या. दिवस जातील तशी पिवळी पाकळी टोकाकडून लाल होत जाते आणि आठवडाभराने सगळे फूल गडद तांबडे होते. एकाच वेलीवर एकाच वेळी हिरवी कळी, पिवळे फूल आणि लाल फूल दिसते. बागेत इतका ऐवज देणारी आणि उन्हाळाभर थेंबभर पाणी न मागणारी दुसरी वेल शोधून सापडायची नाही.

तिचा कंद नांगराच्या आकाराचा, दोन फाट्यांचा असतो. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा. तो मोडला तर त्या फाट्यातून दुसरा कोंब सहसा येत नाही, आणि कंद इतका ठिसूळ की निष्काळजीपणे हाताळला तर टोक पटकन तुटते. म्हणून विकत घेताना टोके शाबूत आहेत का हे आधी पाहावे, मग वजन. पन्नास ग्रॅमच्या वरचा कंद त्याच वर्षी फुलण्याची शक्यता चांगली. त्याहून लहान कंद पहिल्या वर्षी नुसती पाने देतो. दोन्ही फाटे जाड असतील तर जोडावर कापून दोन करता येतात. कापलेला भाग दोन दिवस सावलीत सुकू द्यावा, मगच लावावा.

लावण्याचा काळ नवतपा संपून मृग लागण्याच्या सुमाराचा, म्हणजे जूनचा पहिला आठवडा. वाफा त्याआधी तयार हवा. शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून आठ-दहा दिवस सावलीत ओलसर ठेवले आणि ते वाफ्यात घातले तर कंदकुजीला बऱ्यापैकी आळा बसतो. कंद आडवा, चार बोटे खोल, डोळ्याचे टोक किंचित वर. दोन कंदांत दीड फुटाचे अंतर. पहिला पाऊस होईपर्यंत पाणी देण्याची घाई नको. जमीन ओली झाली की दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतो. तो येताच त्याच्याभोवती मुरूम किंवा बारीक गिट्टीचा दोन बोटांचा थर गोलाकार पसरा. झडीत चिखल उडून मानेशी साचतो आणि तिथूनच कुज सुरू होते. या थराने ती मान कोरडी राहते.

आधाराबाबत बहुतेक बागा चुकतात. कळलावीचे खोड स्वतः गुंडाळत नाही. तिच्या प्रत्येक पानाचे टोक वळून तणावा बनते आणि तो तणावा वेलीला धरून ठेवतो. हा तणावा काडीसारख्या बारीक गोष्टीलाच पकडतो. जाड बांबू किंवा लोखंडी पाइप रोवला तर वेल त्याच्या पायाशी लोळत पडते. बांबूच्या बारीक कामट्यांची तट्टी, तुराट्या किंवा सुतळीची जाळी हे तिचे खरे आधार. बुरडाकडून चार-पाच फुटी विरळ विणीची तट्टी करून घेतली तर दोन-तीन पावसाळे चालते. कुंपणाला वापरतात ती बेशरमाची काडी मात्र इथे रोवू नये. पावसात तिला मुळे फुटतात आणि कंदाच्या वाफ्यात ती पसरते.

मुळाशी सावली आणि शेंड्याला ऊन, ही तिची आवड. पूर्वेकडून किंवा दक्षिणेकडून ऊन येणारे कुंपण चांगले. युरिया देऊ नये. पाने माजतात, फुले कमी होतात आणि मऊ खोडावर रोग लवकर येतो. कळ्या दिसू लागल्यावर ओंजळभर गांडूळखत पुरते. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा फुलांचा काळ. मध्ये पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली, जशी तो इथे धान गर्भात असताना हमखास मारतो, तर तेवढ्यापुरते आठवड्यातून दोनदा पाणी द्या.

एक अळी खास लिलीवर्गीय झाडांवर येते. काळ्या अंगावर पांढरट आणि तांबडे ठिपके असलेली ही अळी दोन रात्रींत वेलीचा सांगाडा करू शकते. सकाळी पानांच्या मागे पाहावे, हातमोजे घालून वेचून साबणाच्या पाण्यात टाकावी. अळ्या जास्त असतील तर पाच टक्के निंबोळी अर्क: पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी गाळून संध्याकाळी फवारायची. झडीच्या दिवसांत पानांवर करपा पडतो. त्यावर औषधापेक्षा अंतर आणि वारा जास्त उपयोगी. दाटीत लावलेली वेल करप्यातून वाचत नाही.

बी हवे असेल तर एक निरीक्षण कामाला येईल. या फुलाची परागवाहिनी तळाशीच काटकोनात बाहेर वळलेली असते, परागकोशांपासून दूर. म्हणून आपसूक बी कमी धरते. सकाळी एका झाडाच्या फुलातले पराग मऊ कुंच्याने दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावले तर शेंगा भरतात. तमिळनाडूत करूर, दिंडिगुल भागांत कळलावीची शेती होते, ती बियांसाठीच, आणि तिथे हाताने परागीकरण केले जाते. घरच्या बागेत बियांपासून रोप करायला मात्र धीर लागतो. बी उगवायला काही महिने घेते आणि फूल यायला तीन-चार वर्षे.

दिवाळीनंतर पाने पिवळी पडू लागतात. घाबरून पाणी वाढवण्याची चूक याच वेळी होते. ही झाडाची मरणघडी नव्हे, झोपेची तयारी आहे. पाने पिवळी होताना त्यांतले अन्न खाली नव्या कंदात उतरत असते. दरवर्षी जुना कंद आटतो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. म्हणून हिरवे किंवा पिवळे खोड कापू नये, पूर्ण वाळून आपोआप सुटू द्यावे. पाणी बंद. जागेवर खूण म्हणून रंगवलेली फरशी किंवा लोखंडी सळी रोवा, नाहीतर फेब्रुवारीत कुणीतरी तिथेच वांग्याचे रोप लावायला कुदळ मारते. उन्हाळ्यात वाफ्यावर चार बोटे कोरडा पाचोळा अंथरला तर जमिनीचा ताव कमी होतो. तणीस टाकली तर वाळवीवर लक्ष ठेवावे लागते, त्यासाठी पाचोळाच बरा. कंद दरवर्षी काढण्याची गरज नाही. दोन-तीन वर्षांनी वाफा दाटला की जानेवारीत काढून विरळ करा. काढलेले कंद मडक्यात कोरड्या वाळूच्या थरांत, घरातल्या गार आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावेत. टिनाच्या छपराखाली ठेवलेले कंद मेपर्यंत वाळून जातात.

विषाबद्दल स्पष्टपणे

कळलावीचा प्रत्येक भाग विषारी आहे. कंद आणि बी सर्वांत जास्त. त्यातले कोल्चिसिन हे द्रव्य पेशींचे विभाजन थांबवते. याच गुणामुळे डॉक्टर ते अगदी मोजक्या मात्रेत गाउट या संधिरोगावर वापरतात, आणि बिनबियांचे टरबूज तयार करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञांनाही ते उपयोगी पडले. पण घरात त्याची मात्रा मोजता येत नाही. भारतात आणि श्रीलंकेत रताळे किंवा खाण्याचा कंद समजून कळलावीचा कंद खाल्ल्याने माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत. आपल्या भागात रानकंद उकडून खाण्याची चाल आजही आहे, तेव्हा हा धोका तिरोड्यात दूरचा मानू नये.

म्हणून काही गोष्टी काटेकोर पाळाव्यात. साठवणीच्या मडक्यावर ठळक अक्षरांत नाव आणि ‘विष’ लिहावे. ते मडके स्वयंपाकघरात, कांदे-बटाट्यांजवळ कधीही नसावे. हातमोजे घालूनच कंद हाताळावा आणि नंतर हात साबणाने धुवावेत. पिकलेल्या शेंगा फुटल्या की आतले बी तांबडे, मण्यांसारखे दिसते आणि मुलांना ते उचलावेसे वाटते. बी नको असेल तर शेंगा हिरव्या असतानाच काढून पुराव्यात. रस्त्याकडच्या कुंपणावर ही वेल चढवू नये. मोकळ्या चरणाऱ्या शेळ्या तिथे तोंड घालतात. बाळंतपण सुलभ व्हावे म्हणून कळलावीची मुळी वापरण्याची जुनी समजूत आहे. ती जीवघेणी आहे, कुणीही सांगितली तरी पाळू नका. चुकून काही पोटात गेले तर उलट्या-जुलाब सुरू व्हायला काही तास लागतात. तेवढा वेळ वाट न पाहता रुग्णाला लगेच सरकारी रुग्णालयात न्यावे आणि झाडाचा तुकडा सोबत न्यावा, म्हणजे डॉक्टरांचा वेळ वाचतो.

रांगते मूल असलेल्या घरात कळलावी लावूच नये. हा सल्ला झाडाच्या प्रेमापोटीच आहे, कारण एका अपघातानंतर गावातल्या सगळ्या वेली उपटल्या जातात. अशा घरांसाठी भुईचाफा आहे.

भुईचाफा

हळदीच्या कुळातला हा कंद, शास्त्रीय नाव केम्फेरिया रोटुंडा. पळस ओसरल्यावर, मोहफूल वेचायच्या दिवसांत, जमिनीवर एकही पान नसताना मातीतून थेट फूल वर येते. पांढऱ्या अरुंद पाकळ्या आणि जांभळट ओठ, मंद सुगंध. एक फूल जेमतेम दिवसभर टिकते, पण एका जुन्या गड्ड्यातून काही आठवडे रोज नवी फुले येत राहतात. पाऊस लागला की पाने फुटतात, आणि तीही पाहण्याजोगी असतात: वरून हिरव्यावर गडद-फिकट नक्षी, खालून जांभळी. हिवाळ्याच्या तोंडाशी पाने वाळतात आणि झाड फेब्रुवारीपर्यंत दिसेनासे होते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाग रिकामी पडते तेव्हा फुलणारे आणि मुलाबाळांच्या घरात बिनघोर लावता येणारे झाड म्हणून तिरोड्यातल्या बहुतेक घरांनी सुरुवात भुईचाफ्यापासून करावी.

त्याला कळलावीइतके ऊन नको. आंब्याच्या किंवा पेरूच्या विरळ सावलीत तो उत्तम राहतो. दुपारच्या उन्हात पाने करपतात. गड्डे फेब्रुवारीत वेगळे करावेत. प्रत्येक तुकड्याला निदान एक डोळा आणि खाली लोंबणाऱ्या दोन-तीन गोल गाठी असाव्यात; त्या गाठींत पाणी आणि अन्न साठलेले असते. तीन बोटे खोल लावा. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी अजिबात नाही. मार्चमध्ये मातीला तडा देत फुलाचे टोक दिसले की आठवड्यातून एकदा हलके शिंपण पुरे. याच काळात वाफ्यावरून चालणे टाळावे. पायाखाली फुले चिरडली जातात.

कुंडीत लावायचा तर बारा इंची, उंचीपेक्षा रुंदी जास्त असलेली मातीची कुंडी घ्यावी. कुंडीच्या तळाला गिट्टीचा जाड थर घालण्याची पद्धत सोडून द्या. कुंडीत त्या थराच्या वरची माती उलट जास्त काळ ओली राहते. भोकावर कवेलूचा एक तुकडा आणि वर सरळ मातीचे मिश्रण, इतके पुरते. झडी चार दिवसांच्या पुढे गेली तर कुंडी पडवीत सरकवा. पाने वाळल्यावर कुंडी तशीच, गड्डे न काढता, कोरड्या कोपऱ्यात ठेवून द्यावी. रिकामी समजून त्यात कोथिंबीर टाकू नये. कोथिंबिरीचे रोजचे पाणी निजलेल्या गड्ड्याला कुजवते.

ज्या अंगणात न्हाणीचे पाणी एका कोपऱ्यात साचते तिथे वरच्या दोन्ही झाडांना जागा नाही. तिथे पेव लावा. पुरुषभर उंचीचे, जिन्यासारखे वळत जाणारे खोड, लाल कणसातून निघणारी पांढरी मोठी फुले, ऑगस्टपासून पुढे दोन महिने. ओल त्याला मानवते, साबणाचे पाणी मात्र थेट सोडू नये. पावसाळी लिलीबद्दल वेगळे सांगायला नको. वाफ्याच्या कडेला एकदा लावली की दर मोठ्या पावसानंतर चार दिवसांत ती फुलते आणि कशाचीही तक्रार करत नाही.

रोपे आणायची कुठून

नागझिऱ्यातून नाही. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथून एक कंदही उचलणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बाहेरच्या जंगलातूनही खणून आणू नये. औषधी व्यापारासाठी कळलावीचे कंद देशभर इतके उपसले गेले आहेत की कित्येक जागी ती आता विरळ झाली आहे, आणि जंगलातून ओरबाडलेला कंद टोक मोडल्यामुळे बहुधा लागतही नाही. औषधी वनस्पतींच्या रोपवाटिका, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान, ही चौकशीची योग्य ठिकाणे. भुईचाफ्यासाठी तर इतकेही नको. जुन्या वाड्यांच्या सांदवाडीत तो हमखास असतो आणि त्याचा गड्डा दर दोन-तीन वर्षांनी वाटावाच लागतो, न वाटला तर दाटून फुले कमी होतात. शेजाऱ्याकडे फेब्रुवारीत एक तुकडा मागा. ज्यांच्याकडे आहे त्यांनी या वर्षी निदान दोन घरांना द्यावा. कळलावी हवी असेल त्यांनी तिची ऑर्डर रोपवाटिकेकडे एप्रिलमध्येच नोंदवून ठेवावी. मृग लागल्यावर चांगले कंद शिल्लक राहत नाहीत.